वेणूताईच्या नारळाच्या जागी पाच तारे

ती. वेणूताईस,

हरीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डोंबिवलीत लिफ्ट बंद पडली की तो जास्त दुखतो, असं तुझ्या सुनेने फोनवर सांगितलं. दिवेआगरात आम्ही दोघं ठीक. कमळची दाढ काढली. (बोलण्यावर परिणाम नाही.)

वादळात तुझा नारळ पडला, तो बघवणार नाही म्हणून तू तेव्हापासून आली नाहीस. तो केव्हाच कापून नेला. त्या जागी आभाळाला भोक पडलं आहे आणि संध्याकाळी त्यात एक तारा येतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला नावही नाही, आकडा आहे. निवृत्तीनंतर घेतलेल्या दुर्बिणीतून पाहिलं तर ते दोन आहेत : एक पिवळट, दुसरा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. पुस्तक म्हणतं, त्यांतला प्रत्येक पुन्हा दोन. (ते दुर्बिणीतही सुटे दिसत नाहीत, प्रकाश तपासून कळतं.) पाचवा बराच लांब, एकटा. त्याचा यांच्याशी काही संबंध असेल असं वाटत नाही. पण वर्षानुवर्षं मोजल्यावर शास्त्रज्ञांना कळलं, की तोही यांच्याच दिशेने, यांच्याच वेगाने चालला आहे. घरचाच आहे.

शेजारच्या किशोरीच्या होमस्टेचे दिवे इतके, की हा तारा त्यात बुडून जातो. किनाऱ्यावर कासवांची पिल्लं निघतात तेव्हा आपल्याकडे दिवे मालवतात, हे मला आठवलं. मी कुंपणावरून नुसतं "कासवं" म्हटलं. तिने दिवे मालवले. पण तिचे सगळे पाहुणे अनवाणी आपल्या वाडीत आले, आणि त्यांतले दोघे शिंपण्याच्या पाटात पडले. "हरीकाका, कासवं कुठं हायत?" किशोरी म्हणाली. मी दुर्बिणीकडे बोट दाखवलं. एका बाईंनी डोळा लावला. "हलतायत का?" "हो, पण फार सावकाश." त्यांचं समाधान झालं.

कमळचं झालं नाही. पाचव्याबद्दल ऐकून म्हणाली, "इतका लांब गेला, तर त्याला कुणी बोलावलं नाही का?" मी म्हटलं, तारे बोलावून येत नाहीत. ती आत जाऊन भांडी आपटू लागली.

आता तिने दुर्बिणीच्या बरोबर समोर नव्या नारळासाठी खड्डा खणून घेतला आहे. वाडीत नारळ पुरेसे आहेत, हे तिला तू सांग. तुझं ती ऐकते.

तुझा,
हरी

ता. क. खड्ड्यात जाडं मीठ आणि शेणखत घालून झालं. रोप दारात आहे. पण कमळ ते लावत नाही. म्हणते, आधीचा वन्संनी लावला होता, हाही त्याच लावतील.

ता. क. (दुसरा) नारळाला त्या भोकापर्यंत पोचायला दहा वर्षं तरी लागतील. तेवढा तारा मला पुरे. नारळ पुरेसे आहेत, ते वर लिहिलेलं कमळला सांगू नकोस. तू ये. पाटात पाणी असतं, बघून चाल.