दाजींच्या नावचं टेबल

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ मे २००३

ती. अक्काला धाकट्याचा वाकून शरणु.

लेकाकडं माझं बरं चाललंय, गुडघाही सध्या गप्प आहे. तुझी कंबर काय म्हणते?

काल रविवारी आम्ही दोस्तमंडळी बाहेर जेवलो, वर कॉकटेल खाल्लं. घाबरू नकोस, इथं फळं घातलेल्या आईस्क्रीमला कॉकटेल म्हणतात. दाजींनीच चटक लावलेली.

हॉटेलात गर्दी होती. दारात नाव विचारलं, तर सवयीनं तोंडून दाजींचंच गेलं, माणसंही पाच सांगितली. त्यांना जाऊन वर्ष झालं तरी जीभ ऐकत नाही बघ. थोड्या वेळानं वेटर ओरडला, "भरमाप्पा पाटील, पाच माणसं!"

आम्ही चौघं जागचे हललो नाही. आकारामनं तर दाराकडं वळून बघितलं. मग म्हणाला, "चला की! त्यो काय थांबतोय व्हय आपल्यासाठी? जाऊन बसलाबी असंल."

पाचवी खुर्ची आम्ही कुणाला नेऊ दिली नाही.

तुझी सून सांगत होती, दाजी येतील म्हणून तू अजून दाराला कडी घालत नाहीस. घाल गं आता. दाजी आमच्यात आहेत, उपाशी नाहीत.

तुझा धाकटा,
शिवकुमार