दोन-एकने पुढे असताना

सर, तुम्ही घाटावरून आमच्या आश्रमशाळेत आलात, आम्हाला गणित आणि फुटबॉल शिकवलंत, आणि मी वापीला मोटार रिवाइंडिंग शिकत होतो तेव्हा वारलात. आता ऐका, तुमचा विद्यार्थी पन्नाशी ओलांडून लॅपटॉपवर फुटबॉलची टीम चालवतो. स्वतः पळायचं नाही. कोणाला खेळवायचं, कुठे उभं करायचं, कधी बाहेर काढायचं एवढं ठरवायचं आणि पडद्यावरचे बावीस जण काय करतात ते बघत बसायचं. म्हणजे तुमचंच काम, फक्त उन्हाशिवाय. लेकीने हा गेम घालून दिला. डहाणू रोडला माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे, रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही दोघं बसतो. कोणी पंप घेऊन आलंच तर मी खुर्चीतूनच मोटारीचा आवाज ऐकतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय, ठेवून जा. लेक म्हणते, पप्पा, डॉक्टरसुद्धा नाडी तरी बघतो.

गेल्या रविवारी हंगामाची शेवटची मॅच होती. आमचा क्लब म्हणजे इंग्लंडातल्या कुठल्याशा गावाचा, त्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. जिंकलो तर टिकणार, बरोबरी झाली तरी खालच्या लीगमध्ये जाणार, आणि खाली गेलो की मालक मला काढणार हे त्याने आधीच कळवलं होतं. एक्याऐंशीव्या मिनिटाला आम्ही दोन-एकने पुढे. दोन्ही गोल एकाच फॉरवर्डचे, आणि त्याच्या नावापुढची दमाची पट्टी लाल झालेली. लेक म्हणत होती, सगळ्यांना गोलपुढे उभं करा. मी म्हटलं, सगळेच मागे गेले तर बॉल फिरून फिरून आपल्याच अंगावर येतो, कोणीतरी तो पुढे धरून ठेवायला हवा. मग मी दुसरा फॉरवर्ड पुढेच ठेवला, त्या दमलेल्याला बाहेर काढलं आणि एक ताजा बचावपटू आत घातला.

"त्यालाच काढताय? त्यानेच तर जिंकवलंय."

"तो दमलाय. त्याला ते कळत नाहीये, म्हणून मी बघायचं."

वाक्य माझं नव्हतं, तुमचं होतं.

तलासरीचं मैदान, शाळांची फायनल. समोर गुजरातच्या हद्दीजवळच्या शाळेची टीम. एक-शून्य, गोल माझा. दहा मिनिटं उरलीत आणि तुम्ही हात वर करून मला बोलावता. माझ्या जागी गंजाड गावचा तो धिप्पाड पोरगा जातो आणि तुम्ही त्याला डाव्या बाजूला, मागे उभं करता. मी तुमच्याकडे न बघता लाइनीबाहेर, त्यांच्या मास्तरांजवळ जाऊन बसतो. शेवटी दोन गोल झाले, दोन्ही त्याच डाव्या बाजूने, आणि ढाल ते घेऊन गेले. मी आठवडाभर शाळेत फिरकलो नाही, तेव्हा तुम्ही रानशेतला आमच्या घरी आलात. आईने चुलीपुढेच नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. चटणीने तुमच्या डोळ्यांना पाणी आलं तरी ताट पुसून खाल्लंत. मग बापाला म्हणालात, "पोराचा राग बरोबर आहे. त्याला काढलं, ही चूक माझी." बाप आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने बघत होता. मी खाली मान घालून जेवत राहिलो. त्यानंतर तुम्ही पुढे असताना कोणाला बाहेर काढलंच नाहीत. दमलेली पोरं धापा टाकत खेळायची, आम्ही हरायचो, आणि प्रत्येक नव्या तुकडीला तुम्ही तलासरीची तुमची चूक समजावून सांगायचात.

तर रविवारी अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पडद्यावर गेममधल्या माझ्या साहाय्यक कोचची एक ओळ आली: ते आता डावीकडून घुसतायत. मी लगेच एक माणूस तिकडे सरकवला. दोन कॉर्नर गेले, एक बॉल खांबाला लागला, लेकीने उशी तोंडावर धरली, पण आम्ही टिकलो. ती नाचत होती आणि मी त्या एका ओळीकडे बघत बसलो होतो.

हे पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. लेकीला मी कोटेशन लिहितोय असं सांगितलंय. तेव्हा आता लिहूनच टाकतो. सर, तुमची चूक नव्हती. माझे पाय खरंच जड झाले होते, काढलंत ते बरोबरच काढलंत. पण तुम्हाला गुजराती येत नव्हती, मला येत होती. त्यांचे मास्तर माझ्यापासून चार पावलांवर उभे राहून त्यांच्या पोरांना ओरडून सांगत होते, "पेला जाडियानी बाजूथी नाखो, ए फरी नथी शकतो." त्या जाड्याच्या बाजूने टाका, त्याला वळता येत नाही. पहिल्या गोलाच्या आधीच मी ते स्पष्ट ऐकलं होतं. तुम्ही हाकेच्या अंतरावर होतात. मी गवताची काडी चघळत बसून राहिलो.