पाहुण्याची मूठ

नवघर, भाईंदर
चैत्र, १९४४

प्रिय भागू,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने वाचून दाखवू का विचारलं, तर म्हटलं, राहू दे बाबा, दुकानाच्या पुड्यांचे कागद वाचून का होईना, अक्षर शिकलोय मी. लेकीचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकू? तू विचारलंयस की मिठागराच्या राखणीच्या तुटपुंज्या पगारात बाबा एवढे मजेत कसे राहतात, आम्हालाही शिकवा. आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस की खर्च नको म्हणून यंदा मे महिन्यात पोरांना घेऊन येत नाही. तेही वाचलं. आधी विचारलेलं सांगतो.

अगं, मजेत राहायला फार लागत नाही. घासलेट मिळत नाही म्हणून लोक ओरडतात. मी ऊन उतरताच जेवून घेतो, मग दिवा कशाला? रात्री चुलीतल्या निखाऱ्यांवर राख ओढायची आणि वालाचं मडकं वर ठेवायचं, सकाळी वाल लोण्यासारखे मऊ. पेज सांडायची नाही, मीठ घालून प्यायची. मिठाला तर आपल्याकडे कधी तोटा नव्हता! धोतर फाटलं की पंचा, पंचा विरला की फडकं, फडकं झिजलं की दिव्याची वात. तुझी आई म्हणायची, तुमचं धोतर शेवटी देवापुढे उजेड पाडूनच सुटतं. परसातला शेवगा या वर्षी वेड्यासारखा लागलाय. उत्तनहून डॉरिस कोळीण सुके बोंबील विकायला घेऊन येते, तिला शेंगा देतो, ती बोंबील देते. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आता अंथरुणावर मी एकटाच, पाय कितीही पसरले तरी कुणाला लागत नाहीत.

आगरावर सध्या घाई आहे. पाऊस यायच्या आत मीठ ओढून राशी झाकायला हव्यात. दिवसभर माणसांचा आवाज असतो, म्हणून बरं वाटतं. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात आणि मी त्या पांढऱ्या राशींशी बोलत बसतो. त्या काही उलट बोलत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

आईची एक रीत तेवढी मी मोडली नाही. आठवते तुला? तांदूळ आधणात वैरायच्या आधी त्यातली एक मूठ ती परत काढायची आणि चुलीमागच्या मडक्यात टाकायची. ही मूठ पाहुण्याची. घरात कितीही ओढाताण असो, त्या मडक्याला घरच्यानं हात लावायचा नाही. लग्नानंतर तू पहिल्यांदा माहेरी आलीस, तेव्हा तिनं मडक्यातलेच तांदूळ काढले, आणि तू केवढी फुगून बसलीस, मी काय आता पाहुणी झाले का म्हणून! जावईबापू बिचारे मान खाली घालून जेवत होते.

आई गेल्यावर मीही रोज मूठ काढतो. तिची मूठ चिमणीएवढी, माझी फावड्याएवढी, त्यामुळे मडकं भराभर चढलं. मला आपला अभिमान. परवा डॉरिस आली, तिला हौसेनं झाकण काढून दाखवलं, बघ माझी काटकसर! ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे बाबा, मडका भरलाय म्हंजे तुज्याकडं कोन जेवाया आला न्हाय! यात कसली रं शेखी?" आणि फिदीफिदी हसत गेली. मीही हसलो. मग झाकण लावलं, ते नीट बसेना.

काल संध्याकाळी नेहमीसारखे तांदूळ घेतले, मूठ काढली, आणि मडक्यात जागाच नव्हती. परत भांड्यात टाकावी तर ती पाहुण्याची. हातात तशीच घेऊन चुलीपुढे कितीतरी वेळ उभा राहिलो. भागू, काटकसर तुला मीच शिकवली, आणि तू चांगली शिकलीस, तक्रार कसली करू? पण येणं तेवढं वाचवू नकोस गं. पोरांना घेऊन ये. तुमच्याकडे रेशनचं मोजून खाता, इथं पोटभर जेवा. मडकं तळापर्यंत रिकामं करून जा, म्हणजे मला पुन्हा पहिल्या मुठीपासून सुरुवात करता येईल. आणि मी पाहुणी आहे का म्हणून फुगून बसायचं असेल, तर खुशाल बस. तुझी जागा चुलीजवळ तशीच आहे.

शेवग्याच्या शेंगा अजून झाडावर ठेवल्यात.

वाट पाहणारा,
तुझाच बाबा