गुळाच्या डब्याचं कुलूप

निरगुडसर,
१९ जानेवारी २००६

चि. वृषाली हिस आईचे आशीर्वाद.

सुदर्शनराव आन् आरोही बरी असतील. हिकडं समदं ठीक हाय. कांदा चांगला पोसलाय. लाईटीचा काय नेम न्हाई, म्हणून तुझे आण्णा मोटर चालू करायला पहाटंच उठत्यात. फोनवर तू मला पुरतं बोलू देत न्हाईस, तवा ह्यो कागद.

दसऱ्याच्या आधी माझं तोंड सुजलं व्हतं. त्याच्या आधी लई दिवस भाकरीच्या घासाला रक्त लागायचं. मी भाजल्या तंबाखूची मिश्री लावायची आन् गप बसायची. हिरड्या बधिर झाल्या की बरं वाटायचं. आपल्याकडच्या समद्या बायका तेच करत्यात. शेवटी आण्णांनी मंचरला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी हिरडी दाबली तर पू आला. म्हणले, "मावशी, ही सूज नुसती तोंडात राहत नाही. रक्तात उतरते, मग साखरही गोळ्यांना दाद देत नाही." काही खेपांत हिरड्या मुळापासून साफ केल्या, दोन दाढा काढल्या. मिश्रीची डबी मी तिथंच बादलीत टाकून आले.

परवा रक्त तपासलं. सुजेचा आकडा निम्म्यावर आलाय. तीन महिन्यांची सरासरी साखर नवावरनं साडेआठावर आली. लई न्हाई, पण दोन वर्सांत पहिल्यांदा उतरली. गोळ्या त्याच, भाकरी तीच.

आन् ही दोन वर्सं तू काय म्हणत व्हतीस? आई चोरून गूळ खाती. डब्याला कुलूप लावलंस, किल्ली सासरी चाकणला घेऊन गेलीस. तरी साखर उतरंना, तर म्हणालीस, शेजारी साळुबाईकडं जाऊन खात असंल. त्या बाईनं मला चहा इचारायचं सोडलं. आण्णा माझा पदर हुंगायला लागले. माझ्याच घरात मी चोर झाले.

आरोहीच्या बारशाला तर तू विहीणबाईंच्या देखत माझ्या पुढचं ताट ओढलंस. "हिच्यावर भरवसा ठेवू नका," म्हणालीस. ताटात नुसता वरणभात व्हता गं. मी हसले. परतीच्या एसटीत मंचरपतोर तोंडाला पदर लावून बसले. आण्णांना वाटलं, दाढ ठणकतीया.

तुझ्या जिवाला माझा घोर व्हता, ते मला कळतं. पण गूळ खाल्ला न्हाई, हे मी तुझी आण घेऊन सांगितलं व्हतं. पोटच्या पोरीची आण कुणी खोटी घेतं का? तुला तेवढंबी वाटलं न्हाई.

मी डॉक्टरला इचारलं, "मी गूळ खात नव्हते, असं ह्या कागदात येतं का?" ते म्हणले, "रक्तावरून ते नाही सांगता येत, मावशी. ते तुमचं तुम्हालाच ठाऊक." खरं हाय त्यांचं. म्हणून रिपोर्ट तुला पाठवत न्हाई. कागद बघून तू मानशील, आन् मला तसलं मानणं नको.

संक्रांतीला तिळगुळासाठी आण्णांनी दुकानातनं गूळ आणला. डबा फळीवर तसाच हाय. आण्णा म्हणले, कुलूप तोडतो. मी हात लावू दिला न्हाई. तू लावलंयस, तूच काढायचं. साळुबाई आपल्या घरात बसलेली असंल तवा ये, आन् किल्ली घेऊन ये.

तुझी आण कधीच खोटी न घेतलेली,
तुझी आई