पहिली रात्र आणि एकेरी रस्ता

हेक्टरदादा यांस,

धाकट्या बहिणीचा (वयाने धाकट्या, अकलेचं तुझं तू ठरव) नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब खाली आला का? इथे सगळं क्षेम आहे, म्हणजे पाऊस आडवा येतोय, मेंढ्या रस्त्यावर आहेत आणि दोन्ही मावश्या जिवंत आहेत. तू कॅनडाहून तीस वर्षांनी येणार हे कळल्यापासून तर जरा जास्तच जिवंत आहेत. अक्षर वाकडं आलंय, कारण मांडीवर कागद घेऊन लिहितेय. का, ते पुढे येईलच.

वहिनींनी आखलेला बेत मिळाला. सकाळी किल्ला, दुपारी डोंगर, संध्याकाळी बेट. वाचताना फार छान वाटतो. नकाशात स्कॉटलंड तळहाताएवढा दिसतो हे कबूल. पण तळहात ओलांडायला बोट लागत नाही, आणि वारा सुटला म्हणून ती रद्दही होत नाही. डोंगर मी वहिनींना जरूर दाखवीन, ढगांनी त्या दिवशी रजा टाकली तर. आपल्या बेटावरच्या किल्ल्याच्या तीन भिंती शाबूत आहेत. (चौथीचं एफी मावशीने कोंबड्यांचं खुराडं बांधलं. इतिहास कुणाच्या तरी उपयोगी पडला पाहिजे, असं तिचं म्हणणं.)

पण खरी अडचण किल्ल्याची नाही, की बोटीची नाही. तू पहिली रात्र कुणाकडे झोपणार, ही आहे. तुला आठवत नसेल. काडी लावून जाणाऱ्याला धूर दिसत नाही. मागच्या खेपेला तू बोटीतून उतरलास, धक्क्याजवळ डोलिना मावशीचं घर पडतं म्हणून तिथेच जेवलास आणि तिथेच घोरलास. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एफी मावशी तुझ्यासाठी कोंबडी शिजवून दारात उभी होती. ती कोंबडी गार झाली, आणि त्या रात्रीपासून दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत. चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात, मध्ये मला बसवतात. दोघींनी आता ऐंशी ओलांडली. उद्या एक गेली तर दुसरी न बोलायला कुणाला शोधणार, ही मला रात्रंदिवस काळजी. तुझ्या येण्याने हे मिटेल तरी, नाहीतर थडग्यापर्यंत जाईल तरी.

तर शनिवारी एफी मावशीने तुझ्या स्वागताची रंगीत तालीम घेतली. स्वतः गाडी चालवत धक्क्यापर्यंत जायचं, तू बोटीतून उतरलास असं समजायचं, आणि डोलिनाच्या घरावरून न थांबता परत यायचं. तुझ्या जागी मला बसवलं. (तुझी बॅग म्हणून बटाट्याचं पोतं.) दुर्दैवाने डोलिना मावशीनेही तीच वेळ साधून आपली तालीम ठेवली होती: धक्का, मग एफीच्या टोकाचा किल्ला, मग मागे वळून तिचं घर. चढावर दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

आपल्या रस्त्याची रीत तू विसरला नसशील. एका वेळी एकच गाडी मावते, मधूनमधून बाजूला घ्यायची जागा. ती जागा ज्याच्या मागे जवळ, त्याने गाडी मागे घ्यायची आणि दुसऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून आभार मानायचे. माणूस सज्जन की नाही हे इथे त्या बोटावरून ठरतं. मी उतरून पावलांनी अंतर मोजलं. जागा आमच्याच मागे जवळ निघाली. हे मी मोठ्याने सांगितलं, ही माझी चूक. एफी मावशी म्हणाली, “तुझी पावलं डोलिनावर गेलीत. तिच्यासारखीच आखूड.”

मग डोलिना मावशीने काच खाली केली आणि मला म्हणाली, “तुझ्या मावशीला सांग, रस्ता सगळ्यांचा आहे.” जणू ती स्वतः माझी कुणी लागतच नाही. मी म्हटलं, द्या किल्ल्या, मी घेते मागे. दोघींनी किल्ल्या पोलक्यात घातल्या. जेवणवेळेला दोघी गाड्या तिथेच टाकून पायी घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी, देवाचा दिवस म्हणून, आपल्याकडे दोरीवर कपडेही वाळत नाहीत, तर गाडी कुठली हलायला. सगळं गाव त्या गाड्यांना वळसा घालून चिखलातून चर्चला गेलं. पाद्रीबाबांनी गर्वावर प्रवचन दिलं. दोघींनी अगदी मनापासून माना डोलावल्या, एकमेकींच्या वतीने.

आज सोमवार. दोघी सकाळी परत येऊन आपापल्या गाडीत विणकाम घेऊन बसल्या आहेत, आणि मी साक्षीदार म्हणून मागच्या सीटवर, पोत्याशेजारी.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
मार्सली

ता. क. पत्राचं मूळ कारण राहिलंच. दोघींना फोन करून सांग की पहिली रात्र तू माझ्याकडे राहणार. प्रेमापोटी नव्हे. माझ्या हातचं जेवण हा एकच विषय असा आहे, ज्यावर दोघींचं एकमत होईल.

ता. क. २. आत्ताच एफी मावशी माझ्या कानात म्हणाली, “मला गाडी मागे घेता येत नाही गं. बाबांच्या ट्रॅक्टरवर शिकले, त्याला मागचा गिअरच नव्हता. पण तिला कळू देऊ नकोस.” मी चहा घेऊन डोलिना मावशीकडे गेले. तिनेही काच खाली करून हेच सांगितलं, ट्रॅक्टरसकट.

ता. क. ३. फोन करू नकोस. एफी मावशीने घरून कोंबडी शिजवून आणली होती, टॉवेलात गुंडाळून, गरम. माझ्या हाती अर्धी पलीकडे पाठवली. डोलिना मावशीने एक घास खाल्ला, काचेतून डोकं बाहेर काढलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा थेट बहिणीला म्हणाली, “मीठ कमी आहे.” तेव्हापासून त्या भांडतायत. इतकं गोड ऐकून किती वर्षं झाली, दादा. मध्ये कुणी पडू नये.

ता. क. ४. हे पत्र कॅलम पोस्टमनच्या हाती देतेय. तो एफी मावशीच्या शेजारीच राहतो, त्यामुळे त्याची व्हॅन सकाळपासून आमच्या मागे अडकली आहे. त्याच्या मागे फक्त किल्ला आणि समुद्र. तेव्हा पत्र तुला मिळालं, तर समज की दोघींपैकी एकीने किल्ली माझ्या हातात दिली. कुणी दिली, ते इथे आल्यावर मात्र चुकूनही विचारू नकोस.