डब्याला ऐकू गेलं

सोम., ३ नोव्हें.

केबलचा डबा गेला एकदाचा. सकाळपासून टीव्हीवर नुसता निळा पडदा. हे खुर्चीत बसून तोच बघत होते. मी बंद करायला गेले तर "न्हाई." परत चालू केला तरी "न्हाई." श्रावणात झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. एवढा एकच शब्द राहिला. भूक लागली तरी न्हाई, पोट भरलं तरी न्हाई. स्वरावरून मला कळतं असं मी सगळ्यांना सांगते. निम्म्या वेळा अंदाजपंचे.

पुण्याहून महेशचा फोन. म्हणाला, "आई, केबल सोडून दे आता. इंटरनेटवर चालणारा डबा घे. पण साधा घे, माईकवाला नको. पप्पांना बोलताच येत नाही, माईक काय करायचाय?"

लेक खोटं बोलला नाही. पण दिवसभर तेच वाक्य डोक्यात. भाजी करपली.

गुरु., ६ नोव्हें.

अंबाजोगाईला जाऊन आलो. आधी दवाखाना. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे भाचीच्या वयाची पोर. चित्रं दाखवते. गाय, कप, छत्री. "काका, छत्री म्हणा." न्हाई. न्हाई. न्हाई.

इथे घाटनांदूरच्या पेठेत कापडाच्या दुकानात बसून ह्यांनी जन्मभर एकच पालुपद लावलं. "या मावशी, बघा तर खरं, घ्यायलाच पायजे असं काई न्हाई!" मावशी ब्लाउजपीसला आलेली असायची, लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधून जायची. त्या सगळ्या बोलण्यातला शेवटचा शब्द तेवढा मागे राहिला. मेल्या नशिबाला दुसरा सापडला नाही.

निघताना मॅडमनी बाजूला घेतलं. "मंगलताई, सुधारणा होते ती पहिल्या काही महिन्यांतच. त्यांना बोलायला कारण द्या. न मागता सगळं पुढ्यात ठेवू नका." मी तर सगळं न मागताच ठेवते. तेवढंच हातात आहे.

मग टीव्हीच्या दुकानात. मालक अन्वरभाई, ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. गल्ल्यावरून उठून आले, ह्यांचा डावा हात धरला. "कावून गप बे शेठ? भाव कर की माज्यासंगं!" हे अर्ध्या तोंडाने हसले. "न्हाई." अन्वरभाई पाठ फिरवून उगाच खोकी धुंडाळत बसले.

दोन डबे मांडले. "वैनी, ह्यो बारका सस्त्यातला. चालतंय, पण अडकतंय लई. अन् ह्यो माईकवाला. रिमोटचं बटन दाबून बोलायचं. जे ऐकलं ते पडद्यावर लिवून दाखवतंय, मंग लावतंय."

"बरोबर ऐकतो का पण?"

"पुण्याची मराठी बरोबर ऐकतंय. आपली शिकंल हळूहळू."

जे ऐकलं ते लिहून दाखवतो. एवढ्यावरच घेतला. महेशला कळवलं नाही.

शुक्र., ७ नोव्हें.

डबा जोडून दिला अन्वरभाईंच्या माणसाने. सुरू करताच विचारतो, कोण बघणार? नाव टाका. रिमोटने एकेक अक्षर शोधायचं. माझं बोट अडलं. ह्यांचं नाव मी घेतलं ते लग्नात, उखाण्यात. नंतर हळदीकुंकवाला बायकांनी अडवलं तर. असं कोरडं कधीच नाही. इथेसुद्धा लिहीत नाही. आणि ह्यांनी माझं तेवढंही घेतलं नाही. "अगं", "ऐकलं का", लेक झाल्यावर "महेशची आई". आमच्यात तसंच चालायचं, त्यात मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

शेवटी टाकलं. जोडाक्षराने दमवलं. शेजारी माझं टाकलं, मंगल. आता टीव्ही लावला की दोन नावं शेजारी शेजारी. हे पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "न्हाई," म्हणाले. कोणत्या स्वरात ते लागलं नाही.

रवि., ९ नोव्हें.

आज हसलो!! ह्यांनी डाव्या अंगठ्याने बटन दाबलं आणि ठणठणीत म्हणाले, "न्हाई." पडद्यावर उमटलं, 'न्हावी'. आणि लागले की न्हावी! कुठला कोण एका गिऱ्हाइकाची मान कडाकडा मोडतोय, डोक्यावर थापट्या मारतोय. हे लाळ गळेपर्यंत हसले. मी पदराने त्यांचं तोंड पुसत होते, माझंही पुसत होते. श्रावणानंतर ह्या घरात पहिलं हसू.

हसता हसता ते रडायला लागले. कधी सुरू झालं ते मला कळलंच नाही.

गुरु., १३ नोव्हें.

न्हावी, न्हावी आणि न्हावी. मी म्हणते, बातम्या म्हणा. भजन म्हणा. ओठ जुळवतात, घाम फुटतो, गळ्याच्या शिरा ताणतात. ब... ब... "न्हाई." की आला कात्री घेऊन. आज रिमोट भिंतीवर मारला. मी ओरडले. त्यांनी मान खाली घातली तेव्हा माझीच जीभ हासडून टाकावीशी वाटली. पलंगाखाली वाकून सेल शोधले.

नेमका तेव्हाच महेशचा फोन, सगळं सांगून बसले. रागावला नाही. म्हणाला, "आई, रोज रोज कशाला हरवायचं त्यांना? परत दे तो डबा. अन्वरकाका बदलून देतील."

त्याचा राग आला, कारण त्याचं बरोबर आहे. मॅडम म्हणतात कारण द्या, आणि मी दिलं ते हरायचं कारण. ह्यांची वाचा परत आली नाही तर मी ह्या घरात कुणाशी बोलणार? हे कुणाला विचारता येत नाही म्हणून इथे.

अन्वरभाईंना फोन केला. "आना सोमवारी, वैनी. साधा देतो बदलून."

रवि., १६ नोव्हें.

खोकं शोधून ठेवलं, थर्माकोलसकट. वायर शेवटी काढू, तोवर बघू दे म्हटलं. मी स्वयंपाकघरात होते, कुकरची शिट्टी होत होती. बाहेर आले तर पडद्यावर मंगल कार्यालयं. मांडव, झुंबरं, घोड्यावरची वरात. वर, ऐकलेलं लिहितो त्या जागी, एकच शब्द. मंगल.

घरात आम्ही दोघंच. रिमोट ह्यांच्या हातात.

"काय म्हणालात?"

"न्हाई."

"माझं नाव घेतलंत?"

"न्हाई."

खुर्चीजवळ खाली बसले, पाया पडल्यासारखी. परत एकदा म्हणा. एकदाच. त्यांनी बटन दाबलं, तोंड उघडलं, बराच वेळ उघडंच राहिलं. मग न्हावी.

मंगळवार म्हणायचं असेल. परवा दवाखान्याची तारीख आहे, सकाळीच मी दोनदा बोलले होते. नाहीतर पडद्यावरचं वाचलं असेल. आणि न्हाईचं न्हावी करणाऱ्या डब्याचा काय भरवसा! पण तोंडातून काहीतरी निघालं असणार, न्हाई सोडून दुसरं. ते डब्याला ऐकू गेलं, मला नाही. ह्यांनी माझं नाव घ्यावं असं आजवर कधी वाटलं नाही, देवाशपथ. आज जीव तुटतोय.

पडदा तसाच ठेवला. वीज गेली तेव्हा गेला.

सोम., १७ नोव्हें.

खोकं दारात, रिकामं. अन्वरभाईंचा फोन आला, "येताव ना वैनी?" बघते म्हणाले. आज जमेलसं दिसत नाही म्हणाले. महेशला अजून काही सांगितलं नाही. काय सांगू?

हे खुर्चीत. रिमोट मांडीवर.

कुकर फळीवर ठेवून दिलाय. भात पातेल्यात लावलाय, मंद आचेवर. वेळ लागतो, पण आवाज होत नाही.