माइकची मागची बाजू

प्रिय दादा,

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. फोनवर सांगायला गेले की जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसले, तर चार ओळी झाल्या की उठते, खिडकी उघडते, बंद करते, पुन्हा येऊन बसते. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला सांग, स्वेटर अगदी मापात बसला.

बाबा तब्येतीने ठीक आहेत. ते फोनवर का येत नाहीत असं तू दर रविवारी विचारतोस आणि मी थाप मारते, आंघोळीला गेलेत. एवढ्या आंघोळी कुणी करत नाही हे तुलाही कळत असेलच. खरं म्हणजे तुझं एक बोलणं त्यांनी फार मनाला लावून घेतलंय. महिना झाला, व्हायोलिन पेटीतून बाहेर आलेलं नाही. सहापैकी दोन धुना रेकॉर्ड करायच्या राहिल्यात, आणि ते म्हणतात, झालं तेवढं पुरे.

रेकॉर्डिंगचा दिवस आठव. तो स्टीरिओ रिबन माइक मी पहिल्यांदाच भाड्याने आणला होता आणि किती मिरवत होते मी! आत कागदाहून पातळ अशा धातूच्या दोन पट्ट्या, जोरात फुंकर बसली तरी कामातून जातील, म्हणून तुला शिंकायलासुद्धा बाहेर पिटाळलं होतं. पण त्यात बाबांचं व्हायोलिन काय वाजलंय! आपण लहानपणी शेजारच्या खोलीतून ऐकायचो तसं, उबदार, कुठे टोचत नाही.

बाबा समोर तारा जुळवत होते. आपण दोघं माइकच्या मागे दोन हातांवर बाकावर. मशीन चालूच होतं. तू बोलायला कचरत होतास, तेव्हा मीच म्हटलं, खुशाल बोल, माइकला मागचं ऐकू येत नाही. पंधरा वर्षं मी ज्या माइकांवर काम केलं ते मागून जवळजवळ बहिरेच होते. हा मात्र पुढचं ऐकतो तितकंच मागचंही ऐकतो. मला हे माहीत होतं रे, नेमकं तेव्हाच सवयीने तोंड चाललं.

बाबांची खोड तुला ठाऊक आहे, रेकॉर्डिंग ऐकायला बसले की तारा जुळवण्यापासून ऐकतात. माझ्या स्टुडिओत ऐकताना त्यांना तुझा हलक्या आवाजातला शब्द न् शब्द ऐकू आला, की बाबांनी आता थांबायला हवं. त्यांनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले, चहा नको म्हणाले आणि घरी निघून गेले. मागे धावत जायला हवं होतं, पण मी खुर्चीतच बसून राहिले.

आता जे दोन पत्रांत लिहिता आलं नाही ते. तू आपणहून तसं बोलला नव्हतास. आधी मी म्हटलं होतं, बाबांची बोटं तारेवर उशिरा पडतात, आता हे जमायचं नाही, कुणीतरी सांगायला हवं. त्यावर तू बोललास. बाबा ऐकायला येणार होते त्या सकाळी मला रेकॉर्डिंगमध्ये आपल्या दोघांचेही आवाज सापडले. मी आधी माझा कापला. तुझा कापणार तोच बाबा ठरल्यापेक्षा अर्धा तास लवकर येऊन स्टुडिओच्या दारात उभे. आधी तुझा का नाही कापला, हे मला विचारू नकोस, मी रोज विचारतेय. काल बाबांनीच विचारलं, तिसरी तार जुळवल्याचं ऐकूच आलं नाही, तिथे काय कापलंस? मी म्हटलं, काही नाही. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पुसलेलं नाही. शनिवारी सकाळी दहाला ते मी बाबांना ऐकवणार आहे, माझ्या आवाजासकट. येशील का? शेजारी बसलास तर मला धीर येईल. नाही आलास तरी बटण मी दाबणारच आहे.

तुझीच,
धाकटी